लॉर्ड्समधून निघायचं कधी? वय, मुदत की हजेरी?

थेम्सकाठ | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. वय ८२. त्यांना इथली संसद बघायची होती, म्हणून गेल्या सोमवारी लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, प्रेक्षक गॅलरीत घेऊन गेलो. सोमवारी दुपारी अडीचला प्रश्नोत्तरं सुरू होतात. पैसे लागत नाहीत, रांगेत थांबायची तयारी हवी.

लाल बाकं, सोनेरी सिंहासन, सगळं बाबांनी डोळे भरून पाहिलं. पण त्यांचं लक्ष एका वृद्ध सभासदांकडे होतं. काठी टेकत आले, बसताना शेजारच्या बाईंनी हात दिला. अर्धा तास मान खाली. मला वाटलं झोपले. तेवढ्यात उठले आणि मंत्र्यांना असा नेमका प्रश्न विचारला की सभागृह हसलं आणि मंत्री कागद चाळू लागले.

बाहेर वेस्टमिन्स्टर पुलावर बाबांनी विचारलं, "हे लोक निवृत्त कधी होतात रे?"

मी म्हटलं, होत नाहीत, तहहयात असतात. बाबा जिल्हा परिषदेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आम्हाला निदान तारीख तरी माहीत होती."

तेव्हापासून याच विषयावर वाचतोय. १९५८ च्या कायद्याने तहहयात उमराव (म्हणजे मरेपर्यंत लॉर्ड्सचे सभासद) नेमायला सुरुवात झाली, आणि २०१४ पर्यंत त्यांना राजीनामा देण्याची कायदेशीर सोयच नव्हती! सभासदसंख्या आठशेच्या वर गेलेली. मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात वंशपरंपरागत उमरावांना काढायचं, हजेरीची अट कडक करायची आणि ज्या संसदेच्या कार्यकाळात ८० पूर्ण होतील तिच्या अखेरीस निवृत्त व्हायचं, असं लिहिलं होतं. त्याआधी २०१७ मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने वेगळा मार्ग सुचवला होता: नव्या सभासदाला १५ वर्षांची एकच मुदत, आणि संख्या ६०० वर येईपर्यंत दोन गेले की एक घ्यायचा.

माझं मत १५ वर्षांच्या बाजूने आहे. तुम्हाला काय वाटतं? माणसाला वयामुळे घरी पाठवावं, मुदत संपली म्हणून की कामावर येत नाही म्हणून?

गोदाकाठ | सकाळी १०:०५

धागा आवडला. माझं मत सरळ आहे: वय. शिक्षक, कारकून, वैमानिक, न्यायाधीश, सगळ्यांना वय लागू आहे. कायदे करणाऱ्यांना का नको? आणि ८० म्हणजे काही कमी झालं का? आमचं राज्य सरकार ५८ ला हार घालून नारळ देतं.

चकली | सकाळी १०:११

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

वकीलीण_नागपूर | सकाळी ११:३०

थेम्सकाठ, "राजीनाम्याची सोयच नव्हती" याच्या मागचा विचार लोकांना कळला तर चर्चा नीट होईल, म्हणून लिहिते.

तिथे सभासदत्व ही नोकरी नाही. ते राजाने बोलावणं आहे. उमरावपद मिळालं की संसदेच्या सुरुवातीला राजाच्या नावाने हजर राहण्याचं आज्ञापत्र निघतं. राजाने बोलावलं तर "मी येत नाही" म्हणणार कसं? खालच्या सभागृहातही याचीच सावली आहे. १६२४ पासून कॉमन्सच्या सभासदाला राजीनामा देता येत नाही. त्याला राजाकडून एक नाममात्र पद घ्यावं लागतं, आणि ते पद घेतलं की आपोआप सभासदत्व जातं. आजही असंच चालतं.

लॉर्ड्समध्ये तर तेवढी पळवाटही नव्हती. १९५८ पासून फक्त अनुपस्थितीची रजा होती. रजा घ्या, येऊ नका, पण नाव पटावर राहणार. २०११ मध्ये सभागृहाने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली, तिला कायद्याचं बळ नव्हतं. शेवटी १४ मे २०१४ ला कायदा झाला. डॅन बाइल्स या खासदाराच्या खासगी विधेयकातून. त्याआधी लॉर्ड स्टील वर्षानुवर्षं तसाच प्रयत्न करत होते. त्या कायद्यात तीन दरवाजे आहेत:

एक, स्वतः लिहून द्यायचं. सही करायची, साक्षीदाराची सही घ्यायची, तारीख घालायची आणि क्लार्क ऑफ द पार्लमेंट्सकडे, म्हणजे सभागृहाच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, द्यायचं. एकदा दिलं की मागे घेता येत नाही.

दोन, सहा महिने किंवा अधिक चाललेल्या अख्ख्या अधिवेशनात एकदाही आला नाही तर सभासदत्व जातं. रजा घेतली असेल तर नाही.

तीन, एक वर्षापेक्षा जास्त कैदेची शिक्षा झाली तर जातं. याआधी देशद्रोह सोडला तर गुन्ह्यासाठी उमरावाची जागा जात नव्हती. कादंबरीकार लॉर्ड जेफ्री आर्चर यांना २००१ मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा झाली, तरी सुटून आल्यावर जागा शाबूत होती. २०१५ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि गैरवर्तनासाठी सभागृहाला काढून टाकण्याचा अधिकार मिळाला.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट मात्र चौथी वाटते. उमरावाला सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येत नाही. निवृत्त झाला की तो हक्क परत मिळतो. म्हणजे सभागृह सोडणारा माणूस पुन्हा नागरिक होतो.

नंदादीप | सकाळी ११:४२

ताई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. हे माहीतच नव्हतं.

रुईयाकट्टा | दुपारी १२:२०

अवांतर: आमच्या रुईया कॉलेजचे अर्थतज्ज्ञ मेघनाद देसाई १९९१ मध्ये लॉर्ड्समध्ये गेले. माटुंग्यात शिकलेला माणूस त्या लाल बाकांवर बसतो याचं आम्हाला कोण कौतुक! जुलै २०२५ मध्ये ते गेले. ८५ वर्षांचे होते. ८० ची मर्यादा आधीपासून असती तर २०२० नंतर त्यांना बाकावरून उठावं लागलं असतं. थेम्सकाठच्या सूचनेप्रमाणे १५ वर्षं असती तर २००६ लाच. मला दोन्ही रुचत नाहीत.

थेम्सकाठ | दुपारी १२:४१

@रुईयाकट्टा, अहो पण २००६ मध्ये ते ६६ वर्षांचे होते. लिहायला, शिकवायला, भाषणं द्यायला मोकळे. सभागृह सोडलं म्हणजे माणूस संपत नाही.

पेन्सिल | दुपारी १:०५

विषय दूरचा आहे, पण आमच्या गावच्या वाचनालयाचं सांगतो, कारण मला तोच प्रश्न तिथे भेटला.

सार्वजनिक वाचनालय, शंभरी ओलांडलेलं. घटनेत "तहहयात विश्वस्त" असा शब्द. पाच जण. त्यातले दोन अंथरुणाला खिळलेले, एक मुलाकडे परदेशी. सभेला गणपूर्ती होईना. सरकारी अनुदानाच्या कागदावर सह्या हव्यात, सह्या मिळेनात. एका विश्वस्तांच्या घरी मी स्वतः कागद घेऊन गेलो होतो. त्यांना माझं नाव आठवेना, पण कागद बघून म्हणाले, "वाचनालयाचं असेल तर दे, करतो सही." काय लिहिलंय ते वाचलं नाही. मी कागद परत आणला. सही घेतली नाही.

त्या माणसाने तरुणपणी सायकलवरून पुस्तकांच्या पेट्या वाहिल्या होत्या. त्यांनी निघावं हे त्यांना सांगायचं कोणी? आम्ही कोणीच सांगितलं नाही. शेवटी ते वारले आणि प्रश्न "सुटला". मला त्याची अजून लाज वाटते. म्हणून मी म्हणतो, तारीख घटनेत लिहिलेली असावी. माणसाने माणसाला सांगायची वेळ येऊ नये.

सिस्टर_लीड्स | दुपारी २:५०

पेन्सिल दादा, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. मी इथे वीस वर्षं नर्स आहे, त्यातली अकरा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबरोबर.

वकीलीण ताईंनी लिहिलं की स्वतः लिहून, सही करून द्यायचं. आता विचार करा, ज्याला सही कशावर करतोय हे कळत नाही, त्याने निवृत्त कसं व्हायचं? २०१४ च्या कायद्यात यावर उत्तर नव्हतं. हजर राहिले नाहीत तर अधिवेशनाअखेर नाव निघतं, पण ते "गैरहजर राहिल्यामुळे काढलं" असं. आयुष्यभर काम केलेल्या माणसाच्या नावापुढे शेवटचा शेरा गैरहजेरीचा.

वंशपरंपरागत उमरावांचं विधेयक सप्टेंबर २०२४ मध्ये आलं आणि लॉर्ड्समध्ये त्यावर महिनोन्महिने चर्चा झाली. त्या चर्चेत २०२५ मध्ये हा मुद्दा निघाला: सभासदाने शुद्धीत असताना ज्याला कुलमुखत्यारपत्र दिलं, त्याला सभासदाच्या वतीने निवृत्तीची सूचना देता यावी. इतर सगळ्या गदारोळात ही बारीक गोष्ट फार कोणाच्या लक्षात आली नाही. मला ती सगळ्यात मोठी वाटली.

कारण मी घरच्यांना बघते. बँक, घर, गाडीचा परवाना, एकेक गोष्ट माणसाच्या हातातून काढून घ्यावी लागते आणि प्रत्येक वेळी मुलगी रडते. गाडीची किल्ली काढून घेणं सगळ्यात अवघड. ज्यांनी आधी स्वतः सांगून ठेवलेलं असतं, "मला कळेनासं झालं की हे असं करा", त्यांच्या घरात तो दिवस जरा सोपा जातो.

८० ची मर्यादा मला पटत नाही. माझ्याकडे ६१ वर्षांचे रुग्ण आहेत, आणि शेजारी ८९ वर्षांच्या आजी रोज कोडं सोडवून मला उत्तरं तपासायला देतात.

गोदाकाठ | दुपारी ३:१५

सिस्टर, तुमच्या अनुभवापुढे बोलायला संकोच वाटतो, तरी बोलतो. प्रत्येकाची तपासणी करणार कोण? उद्या विरोधी पक्षाच्या सभासदाला "यांचं डोकं ठिकाणावर नाही" असं ठरवायला कोणी कमी करणार नाही. वयाचा आकडा आंधळा असतो, आणि म्हणूनच तो न्याय्य आहे. तो कोणाचा अपमान करत नाही.

सिस्टर_लीड्स | दुपारी ३:२२

हे मान्य. तपासणी नकोच. मी फक्त ज्याने स्वतः आधी लिहून ठेवलंय त्याच्याबद्दल बोलतेय.

मधली_सुट्टी | दुपारी ३:४०

८० विरुद्ध एकच नाव पुरेसं आहे: आल्फ डब्स. १९३२ चा जन्म, प्राग. १९३९ मध्ये सहा वर्षांचा असताना मुलांच्या आगगाडीने एकटा ब्रिटनला आला, नाझींपासून वाचला. मजूर पक्षाचा खासदार झाला, मग लॉर्ड. २०१६ मध्ये, म्हणजे ८३ व्या वर्षी, युरोपात एकट्या अडकलेल्या निर्वासित मुलांना ब्रिटनने घ्यावं यासाठी त्यांनी कायद्यात दुरुस्ती मांडली आणि सरकारला नमवलं. ती दुरुस्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सांगा, ८० ला नारळ दिला असता तर ही दुरुस्ती कोणी मांडली असती? मांडली असतीही कोणीतरी. पण त्या गाडीतून उतरलेला मुलगा सभागृहात उभा आहे याचं वजन वेगळं होतं.

थेम्सकाठ | दुपारी ३:५८

मधली_सुट्टी, हे उदाहरण माझ्याही विरुद्ध जातं. डब्स १९९४ मध्ये लॉर्ड्समध्ये आले. १५ वर्षांच्या हिशोबाने २००९ मध्ये बाहेर. विचारात पाडलंत.

टोरांटोकर | संध्याकाळी ५:१०

नमस्कार. आमच्या कॅनडातली सिनेट, म्हणजे वरचं सभागृह, हीही नेमलेलीच आहे, १०५ जागा. १९६५ पर्यंत तिथेही तहहयात होतं. १९६५ मध्ये घटनादुरुस्ती करून ७५ वर्षांची मर्यादा आणली. जे आधीपासून होते त्यांना तहहयात राहू दिलं, नव्यांना ७५. कोणाच्या ताटातलं काढून घेतलं नाही, त्यामुळे फार आरडाओरडा झाला नाही. ब्रिटनने हे उचलण्यासारखं आहे.

हजेरीचा मात्र आमच्याकडे वाईट अनुभव. सलग दोन अधिवेशनं गैरहजर राहिलं तर जागा जाते असा नियम आहे. म्हणजे अधूनमधून तोंड दाखवलं की झालं. नव्वदच्या दशकात एक सिनेटर मेक्सिकोत राहायचे आणि जेवढी लागेल तेवढीच हजेरी लावायचे. लोक चिडले, वृत्तपत्रांनी लावून धरलं, १९९८ मध्ये सिनेटने त्यांना निलंबित केलं आणि मग त्यांनी राजीनामा दिला. नियम मोडलाच नव्हता! नियमच इतका सैल.

आणि एक धोक्याची सूचना. पुढे सरकारला मुदतबंद सिनेट हवी होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी निदान सात प्रांतांची संमती लागेल, आणि त्या प्रांतांत देशाची निम्मी लोकसंख्या हवी. सिनेट बरखास्त करायची तर सगळ्या प्रांतांची. विषय तिथेच थांबला. ब्रिटनला लिखित घटनेचं असं कुलूप नाही, साध्या कायद्याने होतं. तरीही त्यांना इतकी वर्षं लागतात याचं मला नवल वाटतं.

वकीलीण_नागपूर | संध्याकाळी ५:३५

टोरांटोकरांच्या हजेरीच्या मुद्द्याला पुष्टी. लॉर्ड्सच्या नियमात "अख्खं अधिवेशन" असा शब्द आहे, वर्ष नाही. २०१७ च्या जूनमध्ये सुरू झालेलं अधिवेशन ब्रेक्झिटच्या धामधुमीत २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत चाललं. सव्वादोन वर्षं! त्या काळात एक दिवस येऊन गेलेला माणूसही नियमात बसला. दिवसाचा भत्ता साडेतीनशे पौंडांच्या वर आहे, पण न येणाऱ्याला तो मिळत नाही, त्यामुळे पैशाचं नुकसान तितकं नाही. नुकसान जागेचं आणि विश्वासाचं आहे.

साठदिवस | संध्याकाळी ६:०२

आपल्याकडे बघा की. राज्यसभेत राष्ट्रपती बारा जण नेमतात. मुदत सहा वर्षं, वयाची वरची मर्यादा नाही. परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलं तर सभागृह जागा रिक्त ठरवू शकतं. लताबाई १९९९ ते २००५, सचिन २०१२ ते २०१८. दोघांच्याही हजेरीवर टीका झाली. सचिनने २०१४ मध्ये कौटुंबिक कारणाने रजा मागितली आणि सभागृहाने दिली. लताबाईंची गाणी ऐकतच मोठा झालो, तरी म्हणतो: ज्यांना येणं जमणार नाही त्यांना नेमू नये. सन्मान करायला पद्म पुरस्कार आहेत, भारतरत्न आहे. सभागृहाची खुर्ची कामासाठी ठेवा.

पण बघा, इतकी टीका होऊनही तो विषय सहा वर्षांनी आपोआप संपला. हीच मुदतीची ताकद. म्हणून माझं मत थेम्सकाठांना.

गोदाकाठ | संध्याकाळी ६:१५

आणि आपल्या विधान परिषदेत? ७८ पैकी १२ राज्यपाल नेमतात. तिथे २०२० पासून उलटाच प्रश्न होता. जुने मुदत संपून गेले, नवी नावं मंत्रिमंडळाने पाठवली आणि ती राजभवनात पडून राहिली. उच्च न्यायालयापर्यंत गेलं. दरवाजा बाहेरचा असो की आतला, दोन्हीला बिजागरी लागते.

चकली | संध्याकाळी ७:२०

आले. सगळे प्रतिसाद वाचले. पोळ्या करता करता डोक्यात एकच चाललं होतं: तुम्ही सगळे दरवाज्याबद्दल बोलताय, नळाबद्दल कोणी बोलत नाही.

पंतप्रधान वाटेल तितके उमराव नेमू शकतात. कायद्याने आकड्याला बंधन नाही. १९९९ मध्ये सहाशेहून अधिक वंशपरंपरागत उमराव एका फटक्यात बाहेर गेले, सभागृह निम्मं झालं. २०१४ नंतर शंभराहून अधिक जणांनी स्वतःहून निवृत्ती घेतली. तरी संख्या पुन्हा आठशेवर गेली! टाकीचा खालचा नळ कितीही मोठा करा, वरून धार चालू असेल तर टाकी भरलेलीच. लॉर्ड बर्न्स यांनी "दोन जा, एक ये" सांगितलं ते यासाठीच, पण ते पंतप्रधानाच्या मर्जीवर सोडावं लागलं.

आणि जे स्वतःहून निवृत्त झाले त्यांचं मला वाईट वाटतं. त्यांनी जागा सोडली ती सभागृह लहान व्हावं म्हणून. त्या जागी दुसराच बसला.

थेम्सकाठ | संध्याकाळी ७:३५

चकली ताई, हे माझ्या मूळ लेखात हवं होतं. शंभर टक्के मान्य.

जरीकाठ | रात्री ८:०५

एवढा गंभीर धागा, एक गंमत सांगते. १९९९ नंतर ९२ वंशपरंपरागत उमराव ठेवले होते. त्यातला एक गेला की पोटनिवडणूक व्हायची. २०१६ मध्ये लिबरल डेमोक्रॅट गटातली एक जागा रिकामी झाली. उमेदवार सात. मतदार तीन! तिन्ही मतं व्हायकाउंट थर्सोंना. हेच थर्सो १९९९ मध्ये लॉर्ड्समधून बाहेर पडले, २००१ मध्ये कॉमन्सवर निवडून आले, २०१५ मध्ये हरले आणि २०१६ मध्ये पुन्हा लॉर्ड्समध्ये.

आमच्या सोसायटीत चेअरमनपदाला एकही उमेदवार मिळत नाही, आणि तिकडे तीन मतदारांमागे सात. :)

नंदादीप | रात्री ८:१२

हसून हसून पुरेवाट. मतदारांपेक्षा उमेदवार जास्त हे पहिल्यांदा ऐकलं.

जुना_पिंपळ | रात्री ९:००

वकीलीण ताईंनी राजाचं बोलावणं सांगितलं. त्या बोलावण्याला नाही म्हणणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

टोनी बेन, मजूर पक्षाचे खासदार. त्यांचे वडील विल्यम वेजवुड बेन १९२९ ते १९३१ भारतमंत्री होते, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात आपला कारभार त्यांच्या टेबलावर. १९४२ मध्ये वडिलांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट केलं. थोरला भाऊ युद्धात मारला गेला, त्यामुळे वारसा धाकट्याकडे आला. नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले आणि टोनी बेन नको असताना उमराव झाले. उमराव झाले म्हणून कॉमन्सची जागा गेली. ब्रिस्टलच्या त्याच मतदारसंघात मे १९६१ मध्ये पोटनिवडणूक लागली, बेन पुन्हा उभे राहिले आणि मोठ्या फरकाने जिंकले. न्यायालयाने सांगितलं, उमरावाला कॉमन्समध्ये बसता येत नाही, आणि हरलेल्या उमेदवाराला जागा दिली.

दोन वर्षं लढले. ३१ जुलै १९६३ ला वारशाने आलेलं उमरावपद सोडता येईल असा कायदा मंजूर झाला आणि त्याच संध्याकाळी बेन यांनी उमरावपद सोडलं. ज्याला जागा मिळाली होती त्या मॅल्कम सेंट क्लेअरने दिलेला शब्द पाळून कॉमन्सची जागा सोडली. ऑगस्टमध्ये बेन पुन्हा निवडून आले. मला बेन यांच्याइतकाच सेंट क्लेअरही आवडतो. जी जागा मतांनी मिळालेली नाही ती सोडायला त्याला कोणी भाग पाडत नव्हतं.

आणि त्याच कायद्याचा लाभ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विरुद्ध पक्षाच्या अर्ल ऑफ होम यांनी घेतला. पंतप्रधान झाले आणि लगेच काही दिवसांत उमरावपद सोडलं.

मधली_सुट्टी | रात्री ९:२०

वा! पिंपळकाका, सेंट क्लेअरचं माहीत नव्हतं.

स्वतःहून निघणाऱ्यांत माझ्या आवडत्या बॅरोनेस ट्रम्पिंग्टन. युद्धात ब्लेचली पार्कमध्ये, म्हणजे शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या केंद्रात, काम केलेल्या. २०११ मध्ये भर सभागृहात शेजारी बसलेल्या लॉर्डांनी त्यांच्या वयाचा उल्लेख केला तर त्यांनी दोन बोटं दाखवली (तिकडे ती शिवीच), टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ९५ वर्षं पूर्ण करून निवृत्त झाल्या. कोणी काढलं नाही, स्वतः तारीख ठरवली.

पेन्सिल | रात्री ९:३१

याउलट माजी परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन. १९४० मध्ये सभागृहात आले, २०१८ मध्ये ९९ व्या वर्षी गेले तेव्हाही सभासदच होते. दोन्ही माणसं मोठी. पण मला बाईंचं जाणं जास्त भावतं.

गोदाकाठ | रात्री ९:४४

दिवसभर वाचून मी थोडा हललो आहे. बिशप लोकांचं बघा. २६ बिशप बसतात आणि ७० ला पद सोडलं की बाकही सोडतात. त्यांच्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही, कारण आत येतानाच तारीख माहीत असते. म्हणजे मला वय हवं होतं ते खरं तर तारखेसाठी. तारीख दुसऱ्या रीतीने मिळत असेल तर वयाचा हट्ट नाही. फक्त आज जे ७९ चे आहेत त्यांना मध्येच उठवू नका, टोरांटोकरांनी सांगितलं तसं नव्यांपासून लागू करा.

साठदिवस | रात्री ९:५०

गोदाकाठांनी मत बदललं! धागा सार्थकी लागला.

टोरांटोकर | रात्री १०:०५

पण नव्यांपासून लागू केलं तर परिणाम दिसायला खूप वर्षं जातात हेही लक्षात ठेवा. आठशेचे सहाशे व्हायचे तर आजच्यांपैकी कोणीतरी उठलंच पाहिजे. ही किंमत गोड शब्दांत झाकता येणार नाही.

थेम्सकाठ | रात्री १०:४०

मंडळी, बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. दीड तास लागला, मध्ये एकदा चहा झाला.

माझं मत आता असं: नव्यांना १५ वर्षांची एकच मुदत. डब्स यांच्यासारख्यांसाठी सभागृहाने गुप्त मतदानाने एकदाच पाच वर्षं वाढवून द्यावीत, पक्षाने नव्हे. हजेरी अधिवेशनावर न मोजता वर्षावर मोजावी. सिस्टरनी सांगितलेलं मुखत्यारपत्र प्रत्येकाने शपथ घेताना, डोकं ठिकाणावर असतानाच, देऊन ठेवावं. आणि चकली ताईंचा नळ कायद्यानेच बंद करावा, नाहीतर बाकीचं सगळं वाया.

बाबांना विचारलं, तुमचं मत काय? त्यांना ट्रम्पिंग्टन बाई आवडल्या. पण ते पेन्सिल यांच्या वाचनालयातल्या विश्वस्तांवर अडकले. म्हणाले, "त्या पोराला सांग, सही घेतली नाहीस हे बरं केलंस. पण त्यांच्यासाठी एक निरोप समारंभ करायला हवा होता."

पेन्सिल | रात्री १०:५८

काकांना नमस्कार सांगा. त्या विश्वस्तांच्या पेट्यांपैकी एक अजून माळ्यावर आहे. उद्या खाली काढतो.

वकीलीण_नागपूर | रात्री ११:१०

थेम्सकाठ, पाच वर्षांच्या वाढीवर उद्या भांडणार आहे. वाढीव मुदत मिळवायची म्हणून चौदाव्या वर्षी सगळे गोड बोलायला लागतील, मग स्वतंत्र बाणा गेलाच. आत्ता झोपते.